लिंक होमपेजवरच आहे, तरी लोक म्हणतात 'सापडत नाही': पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचा तपास

मेल नेहमी एकाच धाटणीचा असतो. 'पावती कुठून डाऊनलोड करायची? तुमच्या साइटवर काहीच सापडत नाही.' आपण होमपेज उघडतो, तर लिंक डोळ्यांसमोर. मग स्क्रीनशॉट घेतो, त्यावर लाल बाण काढतो, पाठवतो. आठवड्याभरात तोच प्रश्न दुसऱ्या कोणाकडून येतो. तिसऱ्या मेलनंतर बैठकीत ठरतं की लिंक जरा ठळक करू या. तिला पिवळा चौकोन मिळतो, शेजारी लुकलुकणारं 'नवीन' चिकटतं आणि तक्रारी पंधरा दिवस थंडावतात. मग परत सुरू. फरक इतकाच, की आता दुसरंच काहीतरी सापडत नसतं, कारण पिवळ्या चौकोनाने त्याला खाली ढकललेलं असतं.

वेगवेगळ्या पोर्टल्सची देखभाल करताना या फेऱ्यातून मी तीनदा गेलोय. दोनदा आम्ही होमपेज संपूर्ण नव्याने केलं. दोन्ही वेळा वर्षभरात ते पहिल्यासारखंच गच्च भरलं. तिसऱ्या खेपेला जुने बदल ओळीने काढून बघितले, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक तक्रारीला आमचं उत्तर एकच होतं: काहीतरी वाढवणं. काढलेली गोष्ट त्या यादीत एकही नव्हती.

म्हणून डिझाइनला हात लावण्याआधी तपास करा. 'सापडत नाही' या एका वाक्याखाली किमान चार वेगळे बिघाड लपलेले असतात. ते वेगळे न काढता रंग बदलत बसलात, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

आधी तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा

फोनवर होता की कॉम्प्युटरवर? होमपेजवर आलात कसे, पत्ता टाइप करून, गुगलवरून की कोणी पाठवलेल्या लिंकवरून? आणि कोणता शब्द शोधत होता?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. आमच्याकडे लोक 'पावती' शोधत होते आणि होमपेजवर लिहिलं होतं 'व्यवहार तपशील व दस्तऐवज सुविधा'. हे नाव लेखा विभागाने दिलं होतं आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण त्या पानावर पावतीखेरीज आणखी चार कागद मिळायचे. पण हे चार कागद मागायला कोणी येत नव्हतं. नाव बदलून 'पावती आणि इतर कागदपत्रं' केलं. जागा तीच, रंग तोच. त्या विषयावरचे मेल जवळजवळ बंद झाले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी सगळा तपासच संपवून टाकतं. माणूस होमपेजवर आलेलाच नसतो. गुगलने त्याला तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या सूचनेच्या पानावर नेऊन सोडलेलं असतं आणि तिथून होमपेजला जायला धड रस्ता नसतो. अशा वेळी बिघाड त्या आतल्या पानात आहे. होमपेज कितीही सजवलं तरी ही तक्रार जाणार नाही.

साइटच्या सर्चची नोंद वाचा

पोर्टलला स्वतःचा सर्च असेल, तर लोकांनी त्यात काय टाइप केलं याची नोंद बहुधा कुठेतरी साठत असते आणि बहुधा कोणी ती वाचत नाही. गेल्या महिन्याचे सर्वाधिक वेळा शोधलेले शब्द काढा. यादीत वर 'लॉगिन' किंवा 'पासवर्ड' दिसला, तर पुढचं वाचायच्या आधी लॉगिनचं बटण दुरुस्त करा. लोक सर्चमध्ये 'लॉगिन' टाइप करतात याचा अर्थ ते बटण त्यांना दिसत नाही किंवा बटण वाटत नाही. आमच्याकडे ते वर उजव्या कोपऱ्यात होतं, पण नुसत्या करड्या अक्षरांत, भाषा बदलायच्या पर्यायाला खेटून. पांढऱ्यावर फिकट करडं दिसायला देखणं असतं. मात्र डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान 4.5 : 1 इतका कॉन्ट्रास्ट लागतो आणि आमचा त्याच्या जवळपासही नव्हता. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (पान तपासायच्या अंगभूत साधनांत) अक्षरांच्या रंगावर क्लिक केलं की हा आकडा तिथल्या तिथे दिसतो.

या यादीचा दुसरा उपयोग म्हणजे होमपेजवर काय असावं याचा कच्चा आराखडा तीच देते. बहुतेक पोर्टलवर पाच-सात कामांसाठीच बहुसंख्य लोक येतात. तुमची पाच-सात कोणती, हे बैठकीत मत घेऊन ठरवू नका. सर्चची नोंद, हेल्पडेस्कचे मेल आणि अ‍ॅनालिटिक्समधली सर्वाधिक बघितलेली पानं, या तिन्ही याद्या शेजारी ठेवा. ज्या गोष्टी तिन्हीत आहेत, त्या पहिल्या स्क्रीनवर. नील्सन नॉर्मन ग्रुप या वापरसुलभतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये नजरेचा मागोवा घेऊन जे मोजलं, त्यात पान बघण्याच्या वेळेपैकी 57 टक्के वेळ स्क्रोल करण्याआधीच्या भागावर गेला होता. लोक स्क्रोल करतात, पण खाली काहीतरी आहे अशी खूण वर मिळाली तर.

एक माणूस, एक स्क्रीन आणि आपलं तोंड बंद

बघून तपासायची माझी आवडती पद्धत ही. पोर्टल वापरणाऱ्यांपैकी पाच जण गाठा, प्रत्येकाला होमपेज दाखवा आणि एक काम द्या. त्याने पहिलं क्लिक कुठे केलं तेवढंच लिहून घ्या. बेली आणि वुल्फसन या संशोधकांच्या चाचण्यांत पहिलं क्लिक योग्य जागी पडलेल्यांपैकी 87 टक्के लोकांनी काम पुरं केलं होतं, आणि पहिलं क्लिक चुकलेल्यांपैकी फक्त 46 टक्के लोकांनी. त्यामुळे पूर्ण काम होईपर्यंत बसायची गरजही नसते.

आमच्या चाचणीला एक निवृत्त काका आले होते. त्यांना विचारलं, "काका, समजा तुम्हाला मागच्या महिन्याची पावती हवी आहे. कुठे दाबाल?" त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. पिवळ्या चौकोनावर माउस चक्क थांबला होता. मग तो तिथून सरकत मेनूत गेला, 'आमच्याविषयी' उघडलं, बंद केलं, फूटरपर्यंत खाली गेला. शेवटी म्हणाले, "नाही हो दिसत." मी विचारलं, "हा पिवळा भाग कशाचा वाटला?" "तो ना? ती जाहिरात आहे. ते मी बघतच नाही."

बैठकीत तीन महिने ज्या चौकोनाचा रंग ठरवला होता, त्याची ही गत. आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं खरं तर. 1998 मध्ये बेनवे आणि लेन या संशोधकांनी हेच दाखवलं होतं: नेमकी माहिती शोधणारी माणसं पानावरचे मोठे, रंगीत बॅनर गाळून पुढे जातात, अगदी उत्तर त्या बॅनरमध्ये असलं तरी. याला 'बॅनर अंधत्व' म्हणतात. म्हणजे एखादी लिंक दिसत नाही म्हणून तिला जितकी सजवाल, तितकी ती जाहिरातीसारखी दिसेल आणि तितकीच नजरेतून सुटेल. आम्ही चौकोन काढला आणि पावतीची लिंक बाकीच्या कामांच्या यादीत साध्या, अधोरेखित मजकुरात ठेवली. पुढच्या चाचणीत सगळ्यांनी ती विनासायास दाबली.

या चाचणीत एकच पथ्य पाळायचं. माणूस अडखळला की आपली जीभ वळवळते, "वर बघा ना, वर." बोलायचं नाही.

स्लायडर

स्लायडर म्हणजे होमपेजच्या वरच्या भागात एकामागून एक सरकणारी मोठी चित्रं. यावर मी फार लिहिणार नाही, कारण तो काढायचा निर्णय तांत्रिक नसतोच. पहिल्या स्क्रीनची जागा सहा विभागांना हवी असते आणि कोणालाच नाही म्हणायचं नसतं, म्हणून सहा स्लाइड्स. तरी बैठकीत दाखवायला एक आकडा जवळ ठेवा. नोटर डेम विद्यापीठाच्या वेब विभागातल्या एरिक रन्यन यांनी 2013 मध्ये आपल्या साइटच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. होमपेजवर येणाऱ्यांपैकी साधारण 1 टक्का लोकांनीच स्लायडरवर क्लिक केलं होतं, आणि त्यातलीही 84 टक्के क्लिक्स पहिल्याच स्लाइडवर. पाचव्या स्लाइडसाठी भांडणाऱ्या विभागप्रमुखांना हे दाखवलं की भांडण बऱ्यापैकी निवळतं.

तो काढणं शक्यच नसेल, तर आपोआप सरकणं तरी बंद करा. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणारं, इतर मजकुराच्या बरोबरीने दिसणारं काहीही थांबवायची सोय द्यावी, असं डब्ल्यूसीएजी सांगतं. हाच नियम सरकत्या बातम्यांच्या पट्टीलाही लागू आहे.

लिंक सापडते, पण दाबताना पळते

हा बिघाड ओळखायला सर्वांत अवघड, कारण तुमच्या टेबलावर तो घडतच नाही. तक्रार अशी येते: 'पावतीवर क्लिक केलं तर कसलीतरी सूचना उघडते.' तुम्ही दहा वेळा करून बघता, दहाही वेळा पावतीच उघडते.

घडतं ते असं. पान उघडतं, कामांची यादी दिसते, माणूस अंगठा 'पावती'वर नेतो. तेवढ्यात सर्व्हरकडून उशिरा आलेली सूचनेची पट्टी वर घुसते, सगळं पान तिच्या उंचीइतकं खाली सरकतं आणि अंगठा पडतो पट्टीवर. तुमच्या ब्राउझरमध्ये सगळं कॅशमधून, म्हणजे आधीच्या भेटीत साठवलेल्या प्रतीतून, क्षणात येतं, त्यामुळे ती उडी तुम्हाला कधी दिसत नाही. बघायची असेल तर इन्कॉग्निटो विंडो उघडा, डेव्हटूल्सच्या नेटवर्क भागात वेग मुद्दाम कमी करा आणि पान लोड होताना नुसतं बघत राहा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचं पान तीनदा उडालं: एकदा पट्टीमुळे, एकदा मापं न दिलेल्या लोगोमुळे आणि एकदा फॉन्ट बदलला म्हणून.

उपाय साधे आहेत. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची लिहून द्या, म्हणजे ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो. सूचनेच्या पट्टीसाठी जागा कायमची राखा किंवा ती पानासोबत सर्व्हरवरूनच पाठवा, नंतर स्क्रिप्टने घुसवू नका. या उड्यांना गुगल सीएलएस नावाने मोजतं आणि तो आकडा 0.1 किंवा त्याहून कमी असला तर चांगला मानतं.

वेगाचा दुसरा आकडा एलसीपी, म्हणजे पहिल्या स्क्रीनवरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागलेला वेळ. तो 2.5 सेकंदांच्या आत हवा, आणि तोही तुमच्या मशीनवर नाही, चारपैकी तीन भेटींमध्ये. इथे एक चूक मला इतक्या ठिकाणी सापडली आहे की हल्ली मी तपास तिथूनच सुरू करतो. कोणीतरी सगळ्या चित्रांना सरसकट लेझी लोडिंग (चित्र पडद्यावर यायच्या बेतात असेल तेव्हाच ते मागवणं) लावलेलं असतं, अगदी सर्वांत वरच्या मोठ्या चित्रालाही. खालच्या चित्रांसाठी ही सोय उत्तम आहे. वरच्या चित्राला लावली, तर जे सर्वांत आधी हवं तेच ब्राउझर मागे ठेवतो. त्याचं लेझी लोडिंग काढा, त्याला फेच प्रायॉरिटी 'हाय' द्या, म्हणजे ब्राउझर ते आधी मागवतो. दोन शब्दांचा बदल असतो.

दुरुस्ती केल्यावर गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग तपासायच्या साधनात दुसऱ्याच दिवशी आकडा बघून निराश होऊ नका. तिथे वर दिसतो तो खऱ्या वापरकर्त्यांचा मागच्या 28 दिवसांचा एकत्रित हिशेब. कालची दुरुस्ती त्यात हळूहळूच उतरणार. लगेच फरक बघायचा असेल तर खालचा लाइटहाउसचा भाग बघा, तो त्या क्षणीची चाचणी असतो.

मराठी होमपेजचा एक वेगळा आजार

तयार थीम घेतली की त्यातली मापं रोमन अक्षरांसाठी बेतलेली असतात. ओळीची उंची अक्षरांच्या आकाराच्या 1.2 पट वगैरे ठेवलेली असते. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं. त्यामुळे बटणातल्या मजकुराचं डोकं तरी कापलं जातं किंवा पाय तरी. 'पूर्ण' मधला ऊकार कापला गेला की वाचणारा क्षणभर अडखळतोच. मी मजकुराला 1.6 च्या आसपास उंची देतो आणि बटणांना ठरावीक पिक्सेलची उंची न देता आतली मोकळी जागा वाढवतो.

त्याहून वाईट म्हणजे अक्षरांतलं अंतर. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून थीममध्ये लेटर स्पेसिंग दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विसकटतो. मराठी पानांसाठी ते शून्य करा. आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) अशी लिहिली आहे का ते एकदा तपासा. ती इंग्रजी राहिलेली असली, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर चुकीच्या आवाजात वाचायला जाऊ शकतो.

फोनवरची तपासणी इथेच उरकून घ्या. डेस्कटॉपवर 1280 पिक्सेल रुंद खिडकी 400 टक्के झूम केली की पान 320 पिक्सेल रुंदीत बसायला बघतं. आडवं स्क्रोल करावं लागलं तर कुठला भाग बाहेर पडतोय ते लगेच दिसतं. आणि मुख्य कामं तीन आडव्या रेघांच्या मेनूआड दडवलेली असतील तर बाहेर काढा. त्या मेनूत काय आहे ते तुम्हाला पाठ आहे, नव्याने आलेल्याला नाही.

परत फुगू नये म्हणून

इथवरचं सगळं केलंत तरी सहा महिन्यांत होमपेज पुन्हा भरेल, जर भरणाऱ्यांवर काही अट नसेल तर. आम्ही सीएमएसमध्ये (साइटवरचा मजकूर भरायच्या प्रणालीत) एक रकाना वाढवला: 'कधी काढायचं'. तारीख भरल्याशिवाय होमपेजवर सूचना प्रकाशितच होत नाही, आणि ती तारीख उलटली की सूचना आपोआप संग्रहात जाते. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी पाच वर्षांनंतरच्या तारखा टाकल्या. मग कमाल मर्यादा तीस दिवसांची केली. कुरकुर झाली, पण लुकलुकणारं 'नवीन' त्या दिवसापासून दोन वर्षं जुन्या सूचनेशेजारी दिसलं नाही.

मुख्य कामांच्या यादीत सात जागा ठरवल्या. आठवं काम आणायचं तर आणणाऱ्यानेच सांगायचं की कोणतं काढायचं, आणि त्या कामाच्या वापराचा आकडा सोबत द्यायचा. हा नियम राखायची जबाबदारी एकाच व्यक्तीच्या नावावर आहे. समितीच्या नावावर ठेवला होता तेव्हा तो आठवडाभर टिकला होता.

लॉगिन केलेल्यांचं होमपेज वेगळं करता आलं तर जरूर करा. नोंदणी झालेल्या माणसाला रोज 'नोंदणी करा' दाखवण्यात काही अर्थ नाही. त्याला त्याच्या अर्जाची स्थिती, शेवटची पावती आणि राहिलेलं काम दिसलं की बस. आमच्याकडे याने होमपेजवरची निम्मी खेचाखेच आपोआप मिटली, कारण प्रचार विभागाला बाहेरचं पान मिळालं आणि कामांना आतलं.

बदल लागू केल्यावर पहिले काही दिवस तक्रारी वाढतील. त्यांतल्या 'आधी जिथे होतं तिथे नाही' अशा तक्रारी आणि 'सापडत नाही' अशा तक्रारी वेगवेगळ्या मोजा. पहिल्या प्रकारच्या सवयीच्या असतात, आपोआप ओसरतात. मात्र जुन्या पानांचे पत्ते बदलले असतील तर प्रत्येकाला 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय) लावलेला हवा, नाहीतर लोकांनी साठवलेले बुकमार्क मरतात आणि लोक होमपेजच्या नावाने ओरडतात.

आमच्या एका सदस्य ताईंकडे वही होती. लॉगिनपासून पावतीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्या मुलीने त्यात लिहून दिल्या होत्या. पहिली ओळ होती, 'वर उजवीकडे बघ.' फिकट करडी अक्षरं आम्ही गडद निळ्या बटणात बदलली, आणि मग डिझायनरने लॉगिन डावीकडे न्यायचं सुचवलं. वही आठवली. बटण उजवीकडेच ठेवलं.